एकतिसाव्या मिनिटाचं शिखर

सोमवारी सकाळी मशीनबाईंनी भाचीचे नमुने मशीनला लावले आणि वेळेचा आकडा चौदा मिनिटांवरून चाळिसावर नेला. त्यामागे काही डाव नव्हता. मशीनच्या पोटातली केसासारखी बारीक, तीस मीटर लांबीची नळी आठवडाभर कुरकुरत होती. जास्त वेळ तापवली की आत अडकलेली घाण निघून जाते, इतकंच. नमुना या नळीतून जाताना त्यातला एकेक पदार्थ आपापल्या मिनिटाला बाहेर पडतो आणि पडद्यावरच्या रेघेत शिखर उठवतो. या नमुन्यांत बघण्यासारखं जे असतं ते बाराव्या मिनिटाच्या आत पडद्यावर उमटून जातं. पुढची रेघ सपाट.

त्या दिवशी ती सपाट राहिली नाही. एकतिसाव्या मिनिटाला ती उठली, चांगली वर गेली आणि सावकाश खाली आली. दुसऱ्या नमुन्यात तेच. तिसऱ्यातही तेच.

"हे कोण आलं आता?" बाई मशीनला म्हणाल्या. बावीस वर्षं एकाच खोलीत एकाच कामावर असलेलं माणूस मशीनशी बोलतं, यात कुणाला नवल वाटत नसे.

त्यांनी नमुन्यांसोबत आलेला फॉर्म पुन्हा वाचला. नमुन्यात काय काय आहे, या रकान्यात चिऊच्या टपोऱ्या अक्षरात पाच गोष्टी होत्या: द्रावक, सायक्लोहेक्झेन, हायड्रोजन पेरॉक्साइड, लोखंडाचं संयुग क्रमांक दोन आणि मोजमापासाठी घातलेलं प्रमाण द्रव्य. या पाचांतलं काहीही एकतिसाव्या मिनिटाला यायला नको होतं. म्हणजे कुपीत सहावं काहीतरी होतं आणि ते लिहिलेलं नव्हतं.

चिऊ म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. सत्ताविशी गाठली तरी घरात तिचं नाव चिऊच. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती संशोधन करायची आणि चार वर्षं मावशीच्याच घरी राहत होती. तिचं काम मावशीला तोंडपाठ होतं. आपल्या यकृतात काही एन्झाइम असतात, त्यांच्या मध्यभागी लोखंडाचा एक अणू बसलेला असतो, आणि तो अणू भल्याभल्या आम्लांना दाद न देणाऱ्या रेणूवर ऑक्सिजन अलगद नेऊन बसवतो. चिऊ त्या एन्झाइमची छोटी नक्कल करत होती. लोखंडाचा एकच अणू, त्याला चहूबाजूंनी धरून ठेवणारे नायट्रोजनचे हात, बस्स. नक्कल जमली की नाही हे कळायचं मावशीच्या मशीनवर. सायक्लोहेक्झेनपासून दोन पदार्थ होतात, अल्कोहोल आणि कीटोन. लोखंडानं एन्झाइमसारखं शिस्तीत काम केलं असेल, तर अल्कोहोलचं शिखर कीटोनच्या कितीतरी पट उंच येतं. पेरॉक्साइड नुसतंच फुटून मोकाट सुटलं असेल, तर दोन्ही जवळपास सारखी.

चिऊच्या चार संयुगांपैकी दोन नंबरच्यात शंभरात अल्कोहोल नव्वद आणि कीटोन दहा होतं. दोन वर्षं होतं. त्याच आकड्यावर येत्या शुक्रवारी समिती बसणार होती. समितीनं मुदत वाढवली तर चिऊचं संशोधन पुरं होणार. नाही वाढवली तर चार वर्षं पाण्यात आणि चिऊ सामान बांधून आईकडे. आकड्यांच्या तक्त्याखाली मशीनबाईंची सही लागायची. ती अजून व्हायची होती.

त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नमुन्यात हल्ली काही नवीन घालतेस का गं?"

"नाही. का?" चिऊनं ताटातून मान वर केली नाही.

"काही नाही. नळी जरा त्रास देतेय."

"अगं, ती नळी माझ्या वयाची आहे. तिला निवृत्त कर आता."

"आधी मला कर," बाईंचे यजमान म्हणाले. चिऊ त्यांना काका म्हणायची. "नळी काय, बदलून मिळते."

तिघंही हसली. चिऊ जरा जास्तच हसली, असं बाईंना वाटलं. एकदा असं वाटायला लागलं की त्याला अंत नसतो. वाढून घेताना चिऊ विषय बदलते का? फोन उलटा का ठेवते? गेल्या महिन्यात ती म्हणाली होती, "मावशी, तू चौदा मिनिटांनंतर बंद करत जा, उगाच वेळ जातो." तेव्हा तो समजूतदारपणा वाटला होता.

मंगळवारी अकरा वाजता बाई काही कारण काढून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. प्रयोगशाळेच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. आत चिऊ पाठमोरी उभी होती. समोर स्टँडमध्ये आठ कुप्या. तिनं कपाटातून एक लहान बाटली काढली, चपट्या सळीच्या टोकावर पांढरी पूड घेतली आणि एकेका कुपीत चिमूट चिमूट टाकली. आठही कुप्यांत. मग बाटली परत कपाटात, पुस्तकांच्या मागे. हे सगळं तिनं इतक्या सवयीनं केलं की बघणाऱ्याला वाटावं, ती फुलझाडांना पाणी घालतेय.

बाई जिना उतरून खाली आल्या आणि खुर्चीत बसल्या.

मशीन जुळवण्यासाठी सायक्लोहेक्झेनपासून होणाऱ्या याच अल्कोहोलची एक शुद्ध बाटली बाईंच्या फडताळात असे. उन्हाळ्यात हे अल्कोहोल मधासारखं वाहतं, पण मशीनच्या गार खोलीत ते गोठून पांढरं होतं. सळीनं खरवडलं तर त्याचे पांढरे कण निघतात. हवं ते शिखर हव्या त्या उंचीचं करायला त्यातली चिमूटभर पुरे.

त्यांनी बाटली काढून उजेडात धरली. कमी झाल्यासारखी वाटली. कमी झाली नसेल असंही वाटलं. त्यांनी काचेवर पेनानं बारीक रेघ ओढली आणि बाटली होती तशी ठेवून दिली.

बुधवारी सकाळी माल रेघेवरच होता. पण त्यानं काय सिद्ध होतं? चिऊकडे तिची स्वतःची बाटली असू शकते. एकतिसाव्या मिनिटाचं शिखर अल्कोहोलचं नव्हतं, हेही बाईंना कळत होतं. अल्कोहोल सातव्या मिनिटालाच येऊन जातं. मग ती पूड भेसळीची असेल, दोन गोष्टी मिसळलेली. ज्याला लपवायचं असतं तो काय शुद्ध माल वापरतो?

अशा विचारात असतानाच बहिणीचा फोन आला.

"ताई, चिऊच्या कागदावर तुझी सही राहिलीये म्हणे."

"करते."

"करते म्हणजे? शुक्रवार परवावर आला. पोरगी झोपत नाहीये."

"माझ्या घरात राहते, मला माहितीये झोपते की नाही ते."

"मग अडलंय कुठं? तुझं ते मशीन काही लग्नाचं स्थळ बघायला चाललेलं नाही, एवढं काय निरखायचं?"

"आकडे तपासून सही करायची असते."

"परक्यांचे तपास. ही घरची आहे."

बाई म्हणाल्या, "म्हणूनच," आणि फोन ठेवला. आपण नेमकं काय म्हणालो, हे त्यांचं त्यांनाही उलगडलं नाही.

बुधवारी दुपारी दोन ते तीन तिसऱ्या मजल्यावरची सगळी मंडळी एका व्याख्यानाला जाणार होती. चिऊनं सकाळीच, सोमवारच्याच मापांनी, दोन नंबरचा प्रयोग लावला होता. धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात चंबू मंद ढवळत होता. द्रव पिवळट तपकिरी झाला होता. बाई आत गेल्या. बावीस वर्षांत त्यांनी कुणाच्या चंबूला न विचारता हात लावला नव्हता. सुईनं अर्धा मिलिलिटर काढायला त्यांना जेमतेम दहा सेकंद लागली. हात थरथरला नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

खाली येऊन त्यांनी मशीनमधली चांगली नळी काढली आणि टाकून दिलेल्यांपैकी एक चढवली. पेरॉक्साइडसकट नमुना चांगल्या नळीत घालायची त्यांची छाती नव्हती. मग नमुना टाकला आणि समोर बसून राहिल्या.

अल्कोहोल चोपन्न. कीटोन सेहेचाळीस. एकतिसाव्या मिनिटाला काही नाही. रेघ सपाट.

झालं. नव्वद आणि दहा हे पुडीचं काम होतं. लोखंडाच्या अणूला कसली शिस्त नव्हती, कसली नक्कल नव्हती. चिऊ चिमटीनं अल्कोहोल वाढवत होती. बाईंनी चिऊचा सोमवारचा कागद शेजारी ठेवला. आता सही न करण्याचं कारण लिहायचं, इतकंच उरलं होतं. त्यांनी पेन उचललं, आणि सवयीनं आधी बेरीज केली.

तिथं त्या अडकल्या. शंभरातले वाटे सोडा, दोन्ही कागदांवर दोन्ही शिखरांच्या प्रत्यक्ष मालाची बेरीजही सारखीच होती. अल्कोहोल जितकं चढलं होतं, तितकंच कीटोन उतरलं होतं. त्यांनी प्रमाण द्रव्याशी ताडून पुन्हा बघितलं. तेच. वरून अल्कोहोल घातलं तर अल्कोहोल वाढेल, मान्य. पण कीटोन कमी कसं होईल? सेहेचाळिसाचं दहा करायचं तर छत्तीस कुठून तरी काढून न्यायला हवेत. चिमूटभर पूड टाकून कुपीत भर पडते. कुपीतलं बाहेर जात नाही.

चार वाजता त्यांनी चिऊला खाली बोलावलं. दार लावून घेतलं.

"पांढरी पूड कसली?"

"कसली पूड?"

"पुस्तकांच्या मागची."

चिऊच्या लक्षात आलं की विचारणाऱ्यानं पाहिलेलं आहे. "तू दारातून बघत होतीस?"

"मी विचारलेलं सांग."

"ट्रायफेनिलफॉस्फिन. उरलेलं पेरॉक्साइड मारायला. दहा मिनिटं थांबायचं आणि मग तुझ्याकडे पाठवायचं. आधीच्या सीनियरनं लिहून ठेवलंय तसं. आणि बाटली मागे ठेवते, कारण पुढे ठेवली की कुणीही उचलून नेतं."

"फॉर्मवर का नाही लिहिलं?"

"कारण ते नमुन्यात घालायचं नसतं, नमुना साफ करायला असतं! भांडी घासलेला साबण लिहितं का कुणी?" चिऊचा आवाज चढला. "आणि मारायला कोण सांगतं? बाहेर दारावर कागद आहे की तुझा. 'पेरॉक्साइड असलेले नमुने घेतले जाणार नाहीत. आधी मारून आणा.' अक्षरसुद्धा तुझंच आहे."

कागद बाईंचाच होता. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी पेरॉक्साइड आत सोडून नवी कोरी नळी जाळली होती, त्या रागात लिहिलेला. रोज दारातून येता-जाता त्यांनी तो वाचायचं कधीच सोडलं होतं.

"तुला काय वाटलं, मी काय घालतेय?" चिऊनं विचारलं.

चिऊची नजर फडताळावर गेली, अल्कोहोलच्या बाटलीवर, तिच्यावरच्या पेनाच्या रेघेवर. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मावशी!"

"ते नंतर," बाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा कोरडा निघाला. "आधी हे बघ. दुपारी तुझ्या चंबूतून मी अर्धा मिलिलिटर काढला. पुडीशिवाय टाकला." त्यांनी दोन्ही कागद पुढे सरकवले. "बेरीज बघ."

चिऊला ओरडायचं होतं. पण समोर आकडे आले की आधी आकडे बघायचे, ही सवय तिला मावशीनंच लावलेली होती. तिनं बघितले. एकदा, दोनदा. मग ती हळूच स्टुलावर बसली.

"हायड्रोपेरॉक्साइड," ती म्हणाली.

"मला कळेल असं सांग."

"तिसरा पदार्थ. अल्कोहोल आणि कीटोनच्या आधीची पायरी. पेरॉक्साइड मोकाट सुटलं आणि हवेतला ऑक्सिजन त्यात शिरला की हाच ढिगानं होतो. तो तुझ्या मशीनला कधी दिसतच नाही. मशीनच्या तोंडाशी अडीचशे अंश तापमान असतं ना, तिथं तो फुटतो. अर्ध्याचं अल्कोहोल, अर्ध्याचं कीटोन. आणि पूड घातली की..."

"सगळ्याचं अल्कोहोल."

"सगळ्याचं. पुडीचं ते उरलेलं, ते तुझं एकतिसाव्या मिनिटाचं." चिऊ हसल्यासारखी झाली. "म्हणजे लोखंड नाही करत काही. मीच करतेय. दोन वर्षं, चिमूट चिमूट."

भाची खोटारडी नाही, हे ऐकून बाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या हायसं वाटण्याच्या पोटात शुक्रवार तसाच बसलेला होता.

"चारही संयुगांचे प्रयोग पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी. अर्धं पुडीसकट, अर्धं पुडीशिवाय. जुनी नळी चढवलेलीच आहे."

"आणि तू माझ्या चंबूला न विचारता हात लावलास."

"हो."

"बरं," चिऊ म्हणाली आणि निघून गेली. त्या संध्याकाळी ती जेवायला उशिरा आली आणि ताट घेऊन आपल्या खोलीत गेली. काकांनी बायकोकडे पाहिलं, काहीतरी विनोद तोंडाशी आणला आणि गिळला.

गुरुवारी वेळेचा आकडा पुन्हा चौदावर आणून बारापर्यंत सोळा नमुने झाले. पहिलं संयुग गेलं. दुसरं, ज्याच्यावर सगळा डोलारा होता, ते तर गेलंच. तिसरं गेलं. चौथं मात्र हललं नाही. पुडीसकट अठ्ठ्याऐंशी-बारा, पुडीशिवाय शहाऐंशी-चौदा. बाईंनी ते तीनदा टाकलं, कारण चांगल्या आकड्यावरही आता त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"हे खरं आहे," चिऊ म्हणाली. "पण किती कमी आहे बघ. दुसरं संयुग शंभर रेणू पेरॉक्साइडमागे तीस माल देत होतं. हे चार देतं. म्हणून तर मी हे बाजूला टाकलं होतं."

मग सर आले. चिऊचे मार्गदर्शक, उंच, घाईत असणारे, बोलताना घड्याळाकडे बघणारे. चिऊनं त्यांना सकाळीच निरोप पाठवला होता. त्यांनी उभ्या उभ्या दोन्ही तक्ते वाचले.

"पुडीशिवाय टाकायची कल्पना कुणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

सरांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. बाईंना ती नजर ओळखीची वाटली. तीन दिवस त्या स्वतः तशाच बघत होत्या. यांच्या पोटात काय आहे? आधीच्या सीनियरनंही हीच पूड वापरली होती, त्याचे आकडे सरांच्या नावासह छापून आले होते. सरांना हे आज कळत होतं, की आधीपासून माहीत होतं?

"असं करू," सर शांतपणे म्हणाले. "शुक्रवार होऊन जाऊ दे. मग हे सगळं पद्धतशीर तपासू. मशीनबाई, तुमची सही कशाची असते? मशीन नीट चालत होतं, याची. नीटच चालत होतं ना?"

"अगदी नीट चालत होतं."

"मग अडचण काय?"

बाई चिऊकडे बघत होत्या. हो म्हणाली तर? सही मागितली तर? सोमवारपासून त्यांनी हीच भीती वेगवेगळ्या कपड्यांत पाहिली होती. ती आता खरीखुरी समोर उभी होती, आणि या वेळी चिऊला सगळं माहीत होतं.

चिऊनं जुना तक्ता उचलला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. "सर, मी दोन्ही रकाने दाखवणार आहे. पुडीसकट आणि पुडीशिवाय."

"तुला कळतंय का, यानं तुझी मुदत जाऊ शकते?"

"कळतंय. पण माझ्यावर एकदा संशय घेऊन झालाय, सर. घरातल्याच माणसानं. तेव्हा कसं वाटतं ते मला समजलंय. आता बाहेरच्या कुणाला ती संधी द्यायची नाही."

सर निघून गेले. दार त्यांनी आपटलं नाही, पण लावलंही नाही.

बाईंनी नव्या तक्त्याखाली सही केली. चिऊनं कागद घेतला, थँक्यू म्हणाली. मावशीला थँक्यू म्हणण्याची तिची ही पहिली वेळ.

शुक्रवारी समिती सव्वादोन तास चालली. बाई खाली होत्या; मशीनला एकही नमुना लावला नव्हता. पाचला चिऊ आली आणि दारातच उभी राहिली.

"सहा महिने," ती म्हणाली. "दोन वर्षं मागितली होती, सहा महिने दिले. फक्त चौथ्यावर. सहा महिन्यांत चाराचं निदान पंधरा करून दाखवायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आणि सीनियरचा छापलेला लेख परत तपासायला सांगितलाय. सर एक शब्द बोललेले नाहीत माझ्याशी."

"सहा महिने म्हणजे..."

"कमी आहेत. माहितीये मला." ती आत येऊन स्टुलावर बसली. "मावशी, एक विचारू? खरं सांग."

"विचार."

"बुधवारी बेरीज जुळली नसती, म्हणजे कीटोन तेवढंच राहून नुसतं अल्कोहोल वाढलेलं दिसलं असतं, तर तू मला बोलावलं असतंस? की सरळ लिहून दिलं असतंस?"

सोपं उत्तर बाईंच्या जिभेवर होतं, पण गेल्या पाच दिवसांत सोपी उत्तरं पुष्कळ झाली होती.

"लिहून दिलं असतं," त्या म्हणाल्या. "पेन हातात होतं."

चिऊनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. थोड्या वेळानं ती उठली, दारापाशी गेली आणि त्यावरचा तो जुना कागद चिकटपट्टीसकट सोलून काढला.

"नवीन लिही," ती म्हणाली. "मारून आणा म्हणून नको. कशानं मारलं ते कळवा, असं लिही. सोमवारी सकाळी मी चार नंबर घेऊन येते. आणि मशीनला सुई मी लावणार. तू बघत उभी राहा हवं तर, पण लावणार मी."

"बघेन," बाई म्हणाल्या.

"मीही बघेन," चिऊ म्हणाली, आणि जिन्याकडे वळली.